सातचे फवारे

"आज संध्याकाळी सातला मी घरात असेन, आणि बूटही स्वच्छ असतील," असं माळीबुवांनी सकाळी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"लेकीच्या शाळेतल्या नाटकालाही असंच म्हणाला होतात. पडदा पडल्यावर आलात. चिखलासकट."

"आज तसं नाही. पाणी टायमरवर लावतोय. सातच्या ठोक्याला फवारे आपोआप सुटतील, आपोआप बंद होतील. माझी गरजच नाही."

"बघा हं. व्याही पहिल्यांदा घरी येणार आहेत. तुम्ही नसलात तर काय सांगू त्यांना? मुलीचे वडील गवताला पाणी पाजतायत?"

मुलगा लेकीने स्वतःच पसंत केला होता, तिच्याच ऑफिसातला. मुलात खोट नव्हती. पण त्याचे वडील शिस्तीचे, आणि जो वेळ पाळत नाही त्याच्या घराशी सोयरीक नको, असं ते उघड बोलून दाखवत. त्यांनी नकार दिला तर मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, या धास्तीने लेकीला आठवडाभर झोप नव्हती. तिने वडिलांचा इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून हातात दिला. माळीबुवांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यातून आजच कपाची फायनल होती, देशाच्या कपाची, आणि ती माळीबुवांच्या मैदानावर पहिल्यांदाच होत होती. सगळं गाव आनंदात होतं. माळीबुवा तेवढे नव्हते. त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे बावीस जणांनी खिळ्यांचे बूट घालून गवत तुडवायचं आणि उरलेलं तेविसाव्याने शिट्टी वाजवत तुडवायचं. इतक्या वर्षांत त्यांनी धड एक गोल पाहिला नव्हता. ते खेळाडूंच्या पायांकडे बघत. मोसम संपत आला होता. हिरवळ दमली होती आणि माळीबुवांचे गुडघेही. गोलापुढच्या उघड्या पडलेल्या पट्ट्यात नवं बी टाकलं होतं, त्याला आज संध्याकाळी पाणी मिळालंच पाहिजे होतं. सामना, कप, भाषणं, फोटो, सगळं सातच्या आत आटोपणार, असा त्यांचा हिशेब होता.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्हीकडे शून्य होतं. माळीबुवांना बरं वाटलं. गोल झाला नाही की कुणी आनंदाने गुडघ्यांवर घसरत जात नाही. पंपाच्या खोलीत त्यांनी शर्ट बदलला, बूट पुसले, कुलूप लावलं आणि किल्ली फाटकावरच्या वॉचमनला दिली. वॉचमनने ती नियमाप्रमाणे ऑफिसात नेऊन टांगली आणि तो परत आला, तरी माळीबुवा फाटकातच भांग पाडत उभे होते.

"कुठे निघालात?"

"घरी. बरोबरी झाली. दोघांना एकेक गुण, विषय संपला."

वॉचमनने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की माळीबुवांचा कंगवा डोक्यातच थांबला. "माळीबुवा, ही लीग नाही. ही कपाची फायनल आहे. आज कुणीतरी हरल्याशिवाय कुणी घरी जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आता जादा वेळ. त्यातही बरोबरी झाली तर पेनल्टी."

"आणि त्या किती वेळ चालतात?"

"कुणीतरी चुकेपर्यंत."

या मैदानावर आजवर फक्त लीगचे सामने झाले होते, आणि लीगमध्ये कुणी कुणाला हरवलं नाही तरी चालतं. तरी त्यांनी धीर धरला. जादा वेळेत लाल संघाने गोल केला तेव्हा ते जन्मात पहिल्यांदा लाल संघाचे झाले. पण निळ्यांनी लगेच तो फेडला. माळीबुवा वॉचमनच्या स्टुलावर बसले. पेनल्टी सुरू झाल्या तसे उठले.

"किल्ली दे. टायमर बंद करतो."

"ऑफिसात आहे. आणि ऑफिसला कुलूप लावून साहेब मॅच बघायला गेले."

"कुठे बसलेत?"

वॉचमनने हात उचलून सगळी गॅलरी दाखवली.

साहेबांना टक्कल आहे, एवढ्या खुणेवर माळीबुवा गर्दीत शिरले. फुटबॉल बघायला येणाऱ्यांत टकलांना तोटा नसतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तीन परक्या टकलांची माफी मागून ते गोलामागच्या पहिल्या रांगेत पोचले आणि एका निळ्या मफलरवाल्या गृहस्थांच्या पायावर उभे राहिले.

"अहो, पाय आहे तो माझा."

"माफ करा. साहेबांना शोधतोय. आत्ता पाणी..."

"पाणी बाहेर मिळतं. खाली बसा. ही पेनल्टी आत गेली की कप आमचाच समजा. शाळेत होतो तेव्हापासून वाट बघतोय मी."

"तुम्हाला कळत नाहीये, पाणी..."

"एवढी कसली हो तहान तुम्हाला?"

तेवढ्यात गवतातून बारीक फुस्स असा आवाज आला. पाइपातली हवा आधी सुटते, मग पाणी. अख्ख्या मैदानात हा आवाज ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो जिन्याकडे पळाला. इकडे निळा खेळाडू धावत आला, त्याच्या पायाशी फवाऱ्याने मान वर काढली, तो दचकला आणि चेंडू आभाळात गेला. मागोमाग पाणी आलं. गोलामागची पहिली रांग नखशिखांत भिजली. रेफरीने डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि पुढच्या पेनल्टीची शिट्टी फुंकली. लाल खेळाडू त्याच पावसात आला, त्याने चेंडू सरळ आत मारला आणि कप लालांचा झाला.

पंपाकडे धावण्यात आता अर्थ नव्हता. फवारे आपोआप बंद होणार होते, आणि खरं सांगायचं तर त्या बियाण्याला पाणी हवंच होतं. माळीबुवा मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी गेले. सात वाजून गेले होते, पण पाहुणे आले नव्हते. म्हणजे ते वेळेवरच होते. बायकोने त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. माळीबुवांना इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं.

मग बेल वाजली. दारात मुलगा होता, आणि त्याच्यामागे एक गृहस्थ निळी मफलर पिळत उभे होते.

"उशीर झाला, माफ करा," ते खाली मान घालून म्हणाले. "मी जन्मात कुठे उशिरा गेलेलो नाही." लेकीने टॉवेल आणला. तोंड पुसता पुसता त्यांची नजर माळीबुवांवर गेली. "तुम्ही तिथे होतात. माझ्या पायावर पाय देऊन गेलात."

"हो. चुकून."

"मग तुम्ही पाहिलंत ना? भर फायनलमध्ये पाणी सोडणारा तो गाढव कोण, ते मला हवंय."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"अहो, यांनाच विचारा ना," ती अभिमानाने म्हणाली. "मैदानाचं सगळं पाणी यांच्याच हातात असतं. आज तर तुम्ही येणार म्हणून सकाळीच टायमर लावून ठेवला. तुम्हाला ताटकळावं लागू नये म्हणून हो."

मफलरीतून फरशीवर पाणी टपकत होतं. मुलगा कपात बघत बसला.

"चूक माझी," माळीबुवा म्हणाले. "मला वाटलं, बरोबरी झाली की दोघंही घरी जातात."

"फायनलमध्ये?"

"मी सामना कधी बघितलाच नाही. मी गवत बघतो."

गृहस्थांनी टॉवेलात तोंड खुपसलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा ते रागावल्यापेक्षा दमलेले जास्त दिसत होते. त्यांनी चहा उचलला, अर्धा संपवला.

"आमच्या घरापुढे थोडी हिरवळ आहे," ते म्हणाले. "लग्नानंतर तुमचं येणं-जाणं होईलच. गवत हवं तेवढं बघा. नळाला हात लावायचा नाही."