कागलच्या फोल्डरात गुरुजी

“आता मी दुकानात नसलो तरी दुकान चालतंय!” कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आपल्या फ्लेक्सच्या दुकानात बसून सम्राट हे येईल त्याला सांगायचा. आणि ते खोटं नव्हतं. डिझाईनचा कॉम्प्युटर इथं, पण छपाईचं मोठं मशीन कागलच्या शेडमध्ये. पूर्वी फाईल पाठवायची, फोन करायचा, मेव्हणा पृथ्वीराज फोन उचलेपर्यंत वाट बघायची. चार दिवसांपूर्वी सम्राटनं स्वतः शिकून एक प्रोग्रॅम बसवला. कॉम्प्युटरवरच्या ‘कागल’ नावाच्या फोल्डरवर तो प्रोग्रॅम बगळ्यासारखा टपून बसायचा. त्यात फाईल पडली, किंवा पडलेल्या फाईलीत कानामात्रा बदलून ती सेव्ह झाली, की तिकडं मशीन आपोआप सुरू! पृथ्वीराजला हुकूम एकच होता, “बाहेर येईल ते लावून मोकळं व्हायचं. विचारत बसायचं न्हाय.”

बुधवारी सकाळी बाळासो गुरुजी आले. कागलचे, वय एक्याऐंशी. सम्राटला सातवीत मराठी त्यांनीच शिकवलेलं. खुर्चीत टेकले आणि शांतपणे म्हणाले, “माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा हाय.”

“गुरुजी, असं काय बोलताय!”

“घाबरू नकोस, तब्येत झकास हाय. पण गेल्या महिन्यात माझ्या मित्राच्या फ्लेक्सवर तीन चुका होत्या. गेलेला माणूस दुरुस्त करायला येतोय व्हय? माझा मी तपासून ठेवतो. लागंल तवा पोरं लावतील.”

सम्राटनं फोटो लावला, मजकूर टाकला.

“तारखेची जागा मोकळी वाईट दिसती,” गुरुजी म्हणाले. “नमुन्याला आजचीच टाक.”

सम्राटनं आजची तारीख टाकली, आणि गुरुजी कागलचे म्हणून सवयीनं फाईल ‘कागल’ फोल्डरातच सेव्ह केली.

तिथून दोन-अडीच तास गुरुजी तपासत होते. ‘दुःखद’मधला विसर्ग राहिलेला. सेव्ह! टोपी तिरकी दिसत होती. सेव्ह! ‘शोकाकुल’खाली मुलांची नावं वयाप्रमाणं नव्हती. सेव्ह! स्वतःच्या मरणावर इतकं मन लावून काम करणारा माणूस सम्राटनं पाहिला नव्हता.

दहावी दुरुस्ती चालू असताना पृथ्वीराजचा फोन आला. आवाज रडवेला.

“दाजी, गुरुजी कवा गेले वो? मला कुणी सांगितलंबी न्हाय! नऊ लावले. चौकात लावला, बसस्टँडला लावला, त्यांच्या दारासमोर बी लावला. दहावा लावायला खांब गावंना!”

सम्राटनं ‘कागल’ फोल्डरकडं बघितलं; प्रत्येक सेव्हला तिकडं एक फ्लेक्स निघाला होता. त्यानं ते गुरुजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “दारासमोर बी?”

“व्हय, गुरुजी.”

“झुंबर घरात एकटीच हाय,” म्हणत गुरुजी बायकोच्या काळजीनं उठलेच.

गुरुजींचा मोबाईल घरी चार्जिंगला. सम्राटनं त्यावर चार वेळा रिंग दिली, कुणी उचलला नाही. पृथ्वीराजनं तर रडतच फोन ठेवला होता, तो परत उचलेना. मग त्यानं मोटारसायकल काढली. हायवेवर गुरुजी सारखे एकच म्हणत होते, “अजून जोरात घे.” सम्राटला वाटत होतं, ह्यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं.

दारात चपलांचा ढीग. अंगणात चाळीस-पन्नास माणसं. झुंबरबाई उंबऱ्यावर बसलेल्या, डोळे कोरडे. येईल त्या बाईला एकच सांगत होत्या, “डबा घिऊन गेल्यात कोल्हापूरला. डबा माघारी आल्याबिगर मी मानणार न्हाय.”

गुरुजी फाटकातून आत आले. रडणं एकदम थांबलं. एकजण तर कुंपणावरून उडी टाकून पळाला! झुंबरबाई उठल्या, सरळ चालत आल्या, गुरुजींच्या पिशवीतला डबा काढून उघडला. भरलेलाच.

“अजून जेवला न्हाईसा व्हय?” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं.

दारासमोरच्या फ्लेक्सखाली गुरुजींचा धाकटा भाऊ अमरसिंह बसला होता. शेताच्या बांधावरून बिनसल्याला अकरा वर्षं झालेली, बोलणं बंद. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. त्यानं जित्या भावाकडं बघितलं, नाक पुसलं आणि फ्लेक्सवर बोट ठेवलं.

“अण्णा, ह्यात सतरा नावं हायत. माझं कुठं हाय?”

दहा वेळा फ्लेक्स तपासलेल्या गुरुजींनी चष्मा चढवून नावं परत वाचली. “ऱ्हायलं,” ते पुटपुटले.

“ऱ्हायलं, का टाकलं न्हाईस?”

“टाकलं न्हाय,” गुरुजी म्हणाले, आणि अंगणातल्या बाजेवर बसून, सरकून त्यांनी शेजारी जागा केली. अमरसिंह फ्लेक्सखालून उठून जवळ आला. मग बसला. झुंबरबाईंनी चहा टाकला.

सम्राट मात्र शिडी घेऊन गावभर फ्लेक्स काढत फिरत होता. बसस्टँडवरचा शेवटचा सोडायला चढला, तर खालून एक अनोळखी म्हातारा खेकसला, “ओ पावणं! माणूस जाऊन दिवस मावळला न्हाय, तवर काढाय लागलासा?”

“आजोबा, गुरुजी जित्ते हायत.”

म्हाताऱ्यानं आधी फ्लेक्सकडं बघितलं, मग सम्राटकडं.

“ढळढळीत छापलंय की! तारीख बी आजचीच हाय! बांध त्यो परत.”

आणि काठी टेकून तो तिथंच बसला. सम्राटनं हातातल्या सुतळीकडं बघितलं, खाली काठीकडं बघितलं, आणि गपगुमान गाठ मारली.