शेवट सुरुवातीच्या आधी

“शेवट सुरुवातीच्या आधी येईलच कसा?”

हा प्रश्न कर्नेलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या कोडच्या मेलिंग लिस्टवर, जगभरच्या दाढीवाल्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या इलिंका आणि ओतिलियाने मधल्या सुट्टीत लावली. मी तर चांगले दोन महिने बाबांच्या खांद्यावरून कोड वाचत होते; म्हणजे पंडितच! विचारला!

कोड होता दोब्रिन नावाच्या बल्गेरियातल्या एका मास्तरांचा. कोडमध्ये सुचवलेला बदल, म्हणजे पॅच; तोही त्यांच्या आयुष्यातला पहिला! मेमरीच्या तुकड्याचा शेवट सुरुवातीच्या आधी तर येत नाही ना, हे तपासणाऱ्या दोन ओळी, आणि कोणता तुकडा हाती आला ते सांगणारा, एकदाच छापायचा संदेश. मी ठोकून दिलं, “हा तपास काढा. आणि संदेश एकदाच का? मेमरीच्या प्रत्येक पानाला छापा, लाजता कशाला!”

बिचाऱ्यांनी दोन्ही केलं! वर “स्मारांदाबाईंचे आभार” म्हणून तपासणाऱ्यांत माझं नाव घातलं. स्मारांदाबाई! ते पत्र मी अख्ख्या वर्गाला दाखवलं.

शनिवारी दुपारी बाबांनी तोच पॅच कोठीतल्या, लोणच्याच्या बरण्यांशेजारच्या यंत्रावर चढवला. पाचव्या मिनिटाला पंखा विमानासारखा गरजायला लागला. पडद्यावर संदेशांचा धबधबा!

“अगं, हे थांबतच नाही!” बाबा ओरडले.

“मग बंद करा की! वाडग्यातला चोर्बा गार होतोय!” आई स्वयंपाकघरातून.

“कोणत्या गाढवाने तपास काढायला लावला? आकडा फार फुगला की गाडीच्या मीटरसारखा शून्यावर येतो! शेवट राहतो मागे, आणि हे येडं यंत्र त्याला शोधत पृथ्वीप्रदक्षिणा करतंय!”

मग त्यांनी नावं वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“स्मारांदा... बाई?”

मी बरण्यांमागे मावते का, ते बघत होते.

तोवर लिस्टवर सगळ्यांनी मास्तरांना धारेवर धरलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. “चूक माझीच. यापुढे काही पाठवणार नाही.” माझं नाव त्यांनी काढलंसुद्धा नाही! जेवायला बसले, पण चोर्बा नुसताच ढवळत राहिले.

“आई, बाबा, मी ठरवलंय!” चमचा खाली ठेवून मी म्हटलं. “सगळ्या लिस्टसमोर लिहिणार! गाढव मी आहे, मास्तर नव्हेत. त्यांचा पहिला पॅचच बरोबर होता, त्यांनी परत यावं.”

मग मी हळूच जोडलं,

“फक्त... पाठवायच्या आधी कुणीतरी तपासून द्या.”