नकाराची रीतसर नेमणूक

या मंडळी, जरा जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी तर आधी पुढे सरकावं, कारण गोष्ट खुर्चीची आहे. देवाचं नाव घेतो आणि सांगतो.

एक खुर्च्यांचा कारखाना होता. त्याचे मोठे साहेब मनाने लोण्यासारखे. पण एकदा त्यांच्या डोक्यात आलं, की हल्ली माणसं फार टेकून बसतात. म्हणून त्यांनी स्वतः एक खुर्ची आखली, जिची बैठक पुढे उतरती होती. नाव ठेवलं ‘कार्यप्रवण आसन’. बसणारा घसरणार, म्हणजे उठणार, म्हणजे कामाला लागणार. सगळ्या खातेप्रमुखांनी टाचा फरशीत रोवून, टेबलाची कड घट्ट धरून एकमताने सांगितलं, की इतका आराम आजवर मिळाला नव्हता. ठरलं! सोमवारी गोदामातलं सगळं लाकूड याच खुर्चीसाठी कापायचं. खुर्ची खपली नाही तर कारखान्याला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब सोडून.

याच सुमारास साहेबांना एक एक्झिक्युटिव्ह कोच, म्हणजे साहेबलोकांची शिकवणी घेणारे मास्तर, लाभले. एवढ्या मोठ्या माणसाला कोच कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, मोठ्या माणसाला चहा आणून देणारे पुष्कळ, पण चहात साखर नाही हे सांगणारं कुणी नसतं. कोचांचा करार मात्र कडक होता. फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही.

पहिल्याच भेटीत कोचांनी विचारलं, “तुम्हाला शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं?”

साहेबांनी छताकडे बघत पार लहानपणापर्यंत आठवून पाहिलं. “आई म्हणायची,” ते म्हणाले, “पण तिला तेव्हा माझं पद माहीत नव्हतं.”

“मग आता काय करावंसं वाटतं?”

साहेबांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: ‘विरोध अधिकारी हे पद निर्माण करण्यात येत आहे. विरोध दर बुधवारी होईल. मसुदा आदल्या दिवशी मंजुरीसाठी सादर करावा.’ हिशेब खात्यातल्या एका गरीब स्वभावाच्या गृहस्थांना त्या पदावर बसवलं. अर्थात कार्यप्रवण आसनावर.

“साहेब, माझा तीव्र विरोध आहे,” ते घसरत घसरत म्हणाले.

“कशाला?”

“ती जागा रिकामी सोडलीय. आपण सांगाल ते भरतो.”

साहेबांनी ‘पडद्यांचा रंग’ भरायला सांगितलं. विरोध झाला, पडदे बदलले, आणि टीका सोसण्याच्या धैर्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला.

शुक्रवारी कोच आले. साहेबांनी त्यांना कौतुकाने नव्या खुर्चीवर बसवलं. कोच सरळ टेबलाखाली गेले. तिथूनही त्यांनी कर्तव्य सोडलं नाही. “साहेब, तुम्हाला आत्ता काय दिसतंय?”

“तुमची नम्रता,” साहेब गहिवरून म्हणाले.

हे ऐकताच सगळे खातेप्रमुखही नम्रपणे टेबलाखाली उतरले. खरं सांगायचं तर कित्येक दिवसांनी ते नीट बसले.

विरोध अधिकारीही खाली उतरले आणि कोचांच्या कानाशी लागले. “अहो, सोमवारी लाकूड कापतील. पोरं शिकतायत माझी. तुम्ही तरी बोला.”

“मला उत्तर द्यायला मनाई आहे. तुम्ही विरोध अधिकारी ना?”

“आज शुक्रवार आहे.”

कोच रांगत टेबलाच्या कडेला आले. मग बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “साहेब, खुर्ची वाईट आहे. हिच्यावर कुणालाच बसता येत नाही. तुम्ही बसून बघा.”

साहेब आजवर तिच्यावर बसलेच नव्हते. त्यांची जुनी गादीची खुर्ची होती. ते बसले, आणि पुढच्याच क्षणी टेबलाखाली पोचले.

“अरे,” ते म्हणाले, “सगळे इथंच आहात की.” आणि पोट धरून हसले.

लाकूड कापणं रद्द झालं. कारखाना वाचला. साहेबांनी कोचांना सगळ्यांसमोर मिठी मारली.

सोमवारी कोचांना पत्र गेलं: ‘प्रश्न विचारण्याच्या कामी आपण उत्तर दिल्याने कराराचा भंग झाला आहे. आभारी आहोत.’ आता नवे कोच येतात. फार सुंदर प्रश्न विचारतात.

हसलात, बरं वाटलं. आता घरी जाताना एवढं करा. तुम्हालाही कधीतरी कुणीतरी तोंडावर ‘नाही’ म्हणालं होतं, बरोबर म्हणालं होतं, आणि तेव्हापासून तुम्ही त्याला घरी बोलावलेलं नाही. त्याची आठवण काढा.