बैठक जवभर वाढली त्याची हकीकत

श्रीगजानन, ज्याची बैठक उंदीर आणि तरी जो डळमळत नाहीं, त्यास नमन करून लिहिणें ऐसें जे: शके १७०३ प्लवनाम संवत्सरीं एका राज्यांत, ज्याचें नांव सांगावयाची आज्ञा नाहीं, नभनौकांच्या खेळाचा बहुत शौक होता. काळ्या मखमलीचें आकाश चौरंगावर अंथरावें, त्यावर अंगठ्याएवढ्या कथलाच्या नौका मांडाव्या, फासे टाकावे, आणि तारांगणांत लढाया व्हाव्या. नौका अधांतरीं दिसावी म्हणोन प्रत्येकीखालीं लाकडाची वाटोळी बैठक, आणि बैठकींत उभी तार. तोफेचा मार दोरीनें मोजावयाचा तो बैठकीच्या कांठापासून कांठापर्यंत, हा दस्तूर. म्हणोन सर्व बैठकी एका मापाच्या, पितळेच्या कड्यांतून जी पार जाईल तीच खरी. या बैठकी नटविण्याचें काम भिवराबाईंकडे होतें. त्या काळा रंग देत, दातवणाची काडी चावून तिचा कुंचला करीत, आणि चुन्याचे शिंतोडे उडवीत, तों खरेंच चांदणें पडल्यासारखें दिसे. पुढें भिवराबाईंस कन्या जाहली आणि त्या सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलींत राहिल्या, आणि दरबारीं काम अडलें म्हणोन शेजारच्या कसब्यांतून राहीबाई नामें कारागिरीण आणविली गेली.

मग सुईण काशी रोज पोरीस तेल लावावयास येई आणि दरबारची बातमी सांगे. “काय सांगूं बाईसाहेब, लोहाराच्या भट्टींतलें दगडासारखें जळकें खंगर फोडून राहीबाईंनीं बैठकीवर चंद्राचे डोंगर केले! कापूस गुलालांत घोळवून तांबडें धुकें केलें! दरबार नुसता वेडा जाहला आहे.” भिवराबाई म्हणाल्या, “खंगर काय? मग उद्यां गोवरी थापील आणि सूर्य म्हणोन मांडील. आणि काशे, पोरीला हलक्या हातानें चोळ, ती कांहीं राहीबाई नव्हे.” ऐसें बोलल्या खऱ्या, परंतु डिंकाचा लाडू घशांत अडकला आणि त्या दिवशीं पोरीस पाजतांनाहि चित्त थाऱ्यावर नव्हतें.

एक्केचाळिसावे दिवशीं पोरीस खांद्यावर घेऊन भिवराबाई दरबारीं गेल्या आणि राहीबाईंच्या बारा बैठकी पाहिल्या. वाईट असत्या तर सोसलें असतें, सुंदर होत्या. धुकें ऐसें कीं फुंकर मारावी तर हलेल, डोंगर ऐसे कीं सावली पडावी. बाईंच्या पोटांत आग पडली. तोंच नजर एका डोंगरावर गेली, तो कांठाबाहेर झुकलासा वाटला. मग मनांत आलें, वाढ बैठकींत आहे कीं माझ्या डोळ्यांत? म्हणोन कोणी पाहत नाहींसें पाहून कमरेस बांधलेलें मापाचें पितळी कडें काढून लाविलें, तों बैठक एक जवभर मोठी, पार जाईना, आणि बाराहि तैशाच. कन्या प्रथम हंसली तेव्हां जैसा आनंद जाहला होता तैसाच जाहला, आणि त्याच क्षणीं लाजहि वाटली, कीं पोरीच्या हंसण्याशीं हें कैसें तोललें. तरी कारभाऱ्यांस सांगितलें, “राहीबाईंच्या बैठकी जवभर वाढीव आहेत. परवां शेजारच्या राजाशीं सरहद्दीवरची आमराई पणास लावून डाव आहे, आणि त्याचा मार आपणांस जवभर अगोदर पोंचेल.” कारभाऱ्यांनीं मर्जींतल्या माणसाचें काम म्हणोन कडें लाविलेंच नव्हतें. ते हंसून म्हणाले, “भिवराबाई, पोटांतलें बाळ बाहेर आलें, आग तेवढी आंत राहिली काय?” आणि सारा दरबार हंसला.

मग दुसरा उपाय नाहीं म्हणोन भिवराबाई थेट राहीबाईंकडे गेल्या. राहीबाई म्हणाल्या, “जळतां तुम्ही मजवर.” भिवराबाई म्हणाल्या, “जळतें तर! परंतु मी जळतें, पितळ जळत नाहीं. घ्या हें कडें, तुम्हींच लावा.” राहीबाईंनीं लाविलें आणि चेहरा उतरला. मग कानस काढली. बाराहि बैठकींचे कांठ घासावयाचे, आणि पोर रडूं लागली. तेव्हां एकीनें घासावें, दुसरीनें पोर घ्यावी, आणि हात भरून आले म्हणजे बदलावें, ऐसें दोन दिवस चाललें. पोर राहीबाईंच्या मांडीवर निमूट निजली, हेंहि भिवराबाईंस सोसलें नाहीं.

डावाचे दिवशीं शत्रूनें फासा चांगला टाकिला आणि दोरी ताणिली, ती महाराजांच्या मुख्य नौकेच्या बैठकीपासून एक जवभर अलीकडे राहिली. मग महाराजांची तोफ चालली, आमराई राहिली, आणि बक्षिसाचा शालू राहीबाईंस दिला गेला. भिवराबाईंची आग दुणावली. तों राहीबाई उठल्या आणि बोलल्या, “महाराज, शालू मी घेतें, काम माझें आहे. परंतु या बैठकी आधीं जवभर वाढीव होत्या, सर्वांनीं कौतुकानें पाहिल्या आणि एकासहि तो जव दिसला नाहीं. हिला दिसला, कारण हिला मी खपत नाहीं.” महाराज मोठ्यानें हंसले आणि हुकूम जाहला, कीं येथून पुढें जो ज्याचा हेवा करितो त्यानेंच त्याची बैठक मोजावी, आणि या कामास दरबारीं मानाची जागा असावी.

पुढें चैत्रांत भिवराबाईंनीं नव्या बैठकी केल्या, नुसत्या चांदण्याच्या, आणि हुकुमाप्रमाणें मोजावयास राहीबाई बसल्या. पहिली कड्यांतून पार गेली. फिरवून पाहिली, पार गेली. बाराहि गेल्या. मग राहीबाईंनीं शेवटली बैठक डोळ्यांशीं धरून बराच वेळ पाहिली, ओंठ आवळले, “बरोबर आहेत,” म्हणाल्या, आणि जरुरीपेक्षां जोरानें खालीं ठेविली. तें पाहून भिवराबाई घरीं आल्या, कन्येचे मुके घेतले, आणि डिंकाचे दोन लाडू खाल्ले.

सारांश: कौतुकाच्या डोळ्यास जव दिसत नाहीं, हेव्याच्या डोळ्यास दिसतो. त्या राज्यांत दोन्ही डोळे होते, म्हणोन आमराई राहिली. जैसें ऐकिलें तैसें लिहिलें.