कळस चढेपत्तुर

आपला पलंग गेला हे बाजीला सोमवारी संध्याकाळी कळलं. गोठ्यातून हातपाय धुऊन तो आत आला, तर पलंगाच्या जागी दोन भिंतींना दोन खाटा होत्या आणि मधे भाताची पोती.

"जये, पलंग कुटं हाय?"

"मागच्या खोलीतल्या भाडेकरूंना दिला. त्यांना पायजे व्हता."

"आन् आपल्याला नको?"

"मी नवस बोललीय. देवळावर कळस चढेपत्तुर आपण येगळं निजायचं." जयाने हात जोडले.

बाजीनेही सवयीने जोडले. आपण कशाला हात जोडले ते त्याला नंतर कळलं.

जांभ्या खडकाच्या पठाराकडेच्या त्या वस्तीत कळस म्हणजे कधीच न होणारं काम. पितळी कळस आणून ठेवलेला होता. पण वर नेताना पहिला हात वरच्या आळीचा की खालच्या, यावर भांडण लागलं आणि कळस गोणपाटात गुंडाळलेलाच राहिला. जयाने नवस विचार करूनच निवडला होता. गुरं, स्वयंपाक, भाड्याच्या खोल्यांची साफसफाई यातून दिवस संपला की तिला फक्त पाठ टेकायची असे. बाजीला तेव्हाच हुरूप येई. 'दमले' हे त्याला कारणच वाटत नसे.

नवस मोडायची त्याची छाती नव्हती. मग कळसच चढवायचा, असं ठरवून तो खालच्या आळीच्या कोंडिबाकडे गेला. बाजीही त्याच आळीचा.

"तात्या, कळसाचं मिटवू या."

कोंडिबाने तंबाखू मळायची थांबवली. "विलेक्शनला उभा ऱ्हातोस का काय?"

"न्हाई वो."

"मंग तुला येवढी घाई कसली?"

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "देवी सपनात आली," बाजी म्हणाला.

"काय म्हणली?"

"लवकर करा म्हणली."

कोंडिबा खूश झाला. देवी खालच्या आळीच्या माणसाच्या स्वप्नात आली, म्हणजे पहिला हात खालच्या आळीचाच! त्याने ते वस्तीभर सांगितलं. वरच्या आळीची म्हातारी साळूबाई काठी घेऊन बाजीच्या दारात आली.

"आमची देवी तुझ्या सपनात कशाला यील रं मुडद्या? माझ्या सपनात आलती ती. घाई न्हाई म्हणली!"

देवळात बैठक बसली आणि दोन स्वप्नांत जुंपली. एरवी दोन्ही आळ्या निदान एकमेकींशी बोलत होत्या. आता ते पण बंद झालं.

बाजी रोज संध्याकाळी खाटेवर बसून सगळी हकिगत सांगू लागला. समोरच्या खाटेवर जया, मधे पोती. साळूबाईची नक्कल त्याने केली तेव्हा जया डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं तो दिवा घालवून जवळ यायचा; बोलणं व्हायचं ते दूध आणि पेंडीचं. आता करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तो बोलत होता आणि ऐकतही होता.

"कंबर दुखतीया का गं?" एकदा त्याने विचारलं.

"रोजच दुखतीया."

"मला कधी बोलली न्हाईस."

"रोज बोलत व्हते."

दुसऱ्या दिवसापासून भाड्याच्या खोल्या बाजी झाडू लागला. जया पोत्यांवरून त्याच्याकडे बघत राही. मग एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "पयला हात लेकींचा लावा की."

"कुणाच्या लेकी?"

"दोन्ही आळ्यांच्या, लगीन होऊन गेलेल्या. त्या आता ना वरच्या, ना खालच्या. आन् लेकीच्या हाताला न्हाई म्हणायला कुणाचं तोंड हाय?"

बाजी उठून उभाच राहिला. "जये, आगं मंग तर कळस चढंल!"

"चढू द्या," जया भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

कळस चढला. लेकी नवी लुगडी नेसून माहेरी आल्या, ढोल वाजले. साळूबाई रडली आणि कोंडिबाने तिच्या हातात नारळ दिला. लोकांनी बाजीला फेटा बांधून खांद्यावर नाचवलं.

दिवेलागणीला तो फेट्यासकट घरी आला. जया म्हणाली, "येक सांगू? नवस मी बोललेच नव्हते."

"आँ?"

"नुसतं न्हाई म्हणलं तर तुमी ऐकत नव्हता. देवीचं नाव घेतलं, तर ऐकलं."

बाजी खाटेवर बसला. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "आता हितनं म्होरं तू म्हणशील तवाच."

जया उठली. तिने पदर खोचला आणि मधल्या पोत्याला हात घातला.

"मंग बघताय काय? दुसरं टोक धरा."

पोती कोपऱ्यात गेली, खाटा एकमेकींना लागल्या, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर कोंडिबा आणि साळूबाई उभे होते, तेही बरोबर.

"बाजी हाय का? गटाराचं पानी कुठल्या आळीतनं न्यायचं, त्येवढं बी मिटवून टाकू म्हणतो."

जयाने दार जरासंच उघडलं. "हायेत. पन कामात हायेत."

"उद्या यीऊ?"

"उद्या बी कामात हायेत."

"आसलं काय काम गं?" साळूबाईने विचारलं. जयाने दार लावून घेतलं.

वस्तीचं गटार अजून व्हायचं आहे.