टेप लावलेली निळी पिशवी

"सूनबाई, पासपोर्ट कुठे आहेत?" हा प्रश्न सासऱ्यांनी सकाळपासून इतक्या वेळा विचारला होता, की दीड वर्षाची बबडीसुद्धा "पापो, पापो" म्हणत पलंगाखाली वाकून शोधत होती.

परदेशातली ही सहल ठरवली होती मुलाने. त्याला स्वतःला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही, आणि त्याच्याऐवजी आली ती नदी. चार पावसांत तिने काठ सोडला, रस्ता गिळला आणि भाड्याच्या त्या फ्लॅटच्या जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली. मुलाने पहिल्याच पावसात घाईघाईने वकिलातीच्या सूचना फोनवर पाठवल्या होत्या. घाबरू नका. वरच्या मजल्यावर थांबा. वाहत्या पाण्यात पाय घालू नका. कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. अफवांवर विश्वास ठेवू नका.

सासऱ्यांचा जन्म औषधांच्या गोदामात खोकी सीलबंद करण्यात गेलेला. सूचना वाचून त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पाणी चढायच्या आधीच कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी झिपच्या दोन निळ्या पिशव्या आणल्या. जोडीनेच मिळत होत्या. एकीत पासपोर्ट गेले. दुसरी सुनेने गुपचूप उचलली, कारण कचऱ्याची गाडी यायची बंद झाली होती आणि बबडीचे डायपर काही थांबत नव्हते. पाणी आत जाऊ नये म्हणून केलेली झिप वास बाहेर येऊ नये म्हणूनही तितकीच कामाची निघाली.

दुपारी खिडकीखाली बोट आली. "माणसं आणि हातातलं सामान, बस!" भोंग्यातून हुकूम सुटला. मग जी काही धावपळ उडाली! सुनेने पलंगावरच बबडीचा डायपर बदलला. सासऱ्यांनी पलंगावरची निळी पिशवी उचलली, तिला खाकी टेपचे वेढ्यावर वेढे दिले आणि छातीशी धरली.

सासूबाई मागून आल्या. "अहो, ऐका ना, ती पिशवी..."

"सूचना वाचलीस ना? घाबरू नका, पहिलंच वाक्य आहे."

"घाबरतंय कोण? मी सांगतेय की..."

"आणि अफवा पसरवू नका!"

"पसरवू नका नाही, विश्वास ठेवू नका लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड मिटून कामाला लागल्या.

बोटीत सासरे पिशवी डोक्यावर धरून बसले. बोटवाल्याने खुणेने ती खाली ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा पुन्हा इंजिनाकडे वळला. फक्त बबडी बोट दाखवत राहिली. "शी! शी!"

सुनेने तिला पालथी करून तपासलं. कोरडी ठणठणीत.

"शी नाही गं माझ्या बाळा," आजोबा लाडाने म्हणाले, "पासपोर्ट!"

मदत केंद्र एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होतं. बाहेर विमानतळाची बस इंजिन सुरू ठेवून उभी. ज्यांच्याकडे पासपोर्ट त्यांनी चढायचं, बाकीच्यांनी कागद होईपर्यंत इथेच राहायचं. किती दिवस, ते कुणालाच माहीत नव्हतं. बबडीच्या दुधाच्या डब्यात चमचा तळाला लागत होता. सुनेने तो पुन्हा एकदा हलवून पाहिला आणि रांगेत पुढे सरकली.

टेबलामागच्या बाईंकडून कात्री मागून सासऱ्यांनी टेप कापली. "थेंब गेला नसेल आत. बघाच तुम्ही!"

झिप उघडली.

चिखल तुडवत आलेली, तासन्‌तास ओली बसलेली ती सगळी रांग एकदम मागे सरली. टेबलामागच्या बाईंनी खुर्ची सरकवली ती थेट भिंतीपर्यंत. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण वास सगळ्यांना कळला. बबडीने टाळ्या पिटल्या. "शी!"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर बसने हॉर्न दिला. बबडीला कवटाळून सून जमिनीवर बसली. पासपोर्ट तिकडे, मध्ये नदी, आणि डब्यात दोन वेळचं दूध.

"आता बोलू का मी?" सासूबाई म्हणाल्या. "का अजून अफवाच आहे?"

त्यांनी सुनेच्या खांद्यावरची बबडीची बॅग ओढली. खुळखुळा बाजूला केला, लंगोट बाजूला केले आणि तळातून दुसरी निळी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत चारही पासपोर्ट, तिकिटं, सगळं कोरडं.

"उशीखाली राहिली होती. सांगायला आले तर मलाच गप्प केलं."

"आई, पण माझ्या बॅगेत?"

"अगं, या घरात लोक चष्मा विसरतील, मला विसरतील. बबडीची बॅग आजवर कुणी विसरलंय का?"

सुनेला हसू आणि रडू एकदमच फुटलं. सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून तिने दोन्ही उरकून घेतलं.

बस चढाला लागली तसं पाणी मागे पडलं. सासऱ्यांनी हात पुढे केले आणि बबडीला मांडीवर घेतलं. मघाशी पिशवी धरली होती तसंच, दोन्ही हातांनी, छातीशी.

थोड्या वेळाने बबडी शांतपणे म्हणाली, "शी."

"छे गं, आत्ताच तर बदललाय," सून म्हणाली.

"सूनबाई," सासरे जागचे न हलता म्हणाले, "ऐक तिचं. ती अफवा पसरवत नाही."