चार माणसांचा बंब

ऑल्डरबोर्न गावात आग लागल्यावर काय करायचं याची पद्धत ठरलेली होती, आणि आगीनेही तिचा मान राखावा अशी काउंटी मुख्यालयाची रास्त अपेक्षा होती. ज्याच्या घरी आग लागली त्याने ९९९ फिरवायचं. कंट्रोल रूमने गावातल्या नऊ स्वयंसेवकांच्या कमरेचे पेजर एकदम वाजवायचे. स्वयंसेवकांनी हातातलं काम टाकून पाच मिनिटांत फायर स्टेशनवर पोचायचं. चार माणसं जमली की बंब निघायचा. तीनच जमली, तर तिघांनी हेल्मेट चढवून बंबात बसायचं आणि चौथ्याची वाट पाहायची. चार म्हणजे चार. तिघांनी विझवलेली आग नियमाप्रमाणे विझलेली धरता येत नसे.

२००५ सालात पेजर साठ वेळा वाजला आणि सदतीस वेळा बंब जागचा हलला नाही. त्या सदतीस आगी आपापल्या सवडीने विझल्या.

शशिधर बेहेरे हा त्या नवांतला नववा. मूळचा पुण्याचा, साउथहॅम्प्टनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. गावच्या मेळ्यात एका आजीबाईंनी त्याच्या हातात भरतीचा अर्ज दिला, आणि वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं, एवढ्या भांडवलावर तो अग्निशामक झाला. त्याआधी सहा वर्षं राहूनही गावाच्या लेखी तो 'त्या चेस्टनट क्लोजमधला कुणीतरी' होता. गणवेश अंगावर चढला आणि पोस्टातली बाई त्याला 'शॅश' म्हणू लागली, पबमध्ये लोक सरकून जागा देऊ लागले. परक्या गावात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट त्याला फार गोड लागली होती. म्हणूनच जानेवारीत मुख्यालयाचं पत्र आलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं. या वर्षी किमान ऐंशी टक्के वेळा बंब बाहेर पडला नाही तर ऑल्डरबोर्नचं स्टेशन बंद, असं पत्रात होतं. मग सगळ्यात जवळचा बंब चोवीस मिनिटांवरून येणार होता.

"माणसं वाईट नाहीत रे," दलाचा प्रमुख ट्रेव्हर म्हणाला. तो गावचा खाटीक होता. "पण कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं पेटलं म्हणून दुकानात गिऱ्हाईक उभं असताना कोण पळणार?"

"मग स्वयंसेवक कशाला झाले?"

"स्वेच्छेने झाले. स्वेच्छेने येत नाहीत."

या युक्तिवादात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

तोडगा निघाला तो चेस्टनट क्लोजमधून. ही गावाबाहेरची नवी वस्ती, घरं बावीस. त्यांतली चौदा मराठी, कारण एकाने घर घेतलं आणि बाकीच्या तेरांना फोन केले. बिल्डरने प्रत्येक घरातला धुराचा अलार्म थेट कंट्रोल रूमला जोडून दिला होता. एकदा तो वाजला की बंबाने येऊन डोळ्यांनी खात्री करायलाच हवी. 'काही नाही हो, फोडणी होती' हे घरमालकाचं म्हणणं ग्राह्य नव्हतं.

फेब्रुवारीत क्लोजमधल्याच सुनेत्राच्या घरी पोह्यांची फोडणी जरा जास्त तापली आणि अलार्म वाजला. कशीबशी चार माणसं जमून बंब आला. चार धिप्पाड माणसांनी किचनमध्ये उभं राहून कढईची पाहणी केली आणि ती धोकादायक नसल्याचं नोंदवलं. पण दारी आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने परत पाठवायचं म्हणजे काय! सुनेत्राने चौघांना बसवलं, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरली, वर लिंबू पिळलं, आलं घालून चहा केला. ट्रेव्हरने तीनदा मागून घेतले.

पुढच्या गुरुवारी अकरा नंबरच्या घरी थालीपीठ करपलं. पेजरवर 'चेस्टनट क्लोज' ही अक्षरं उमटली आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांत नऊच्या नऊ माणसं स्टेशनवर हजर झाली. प्लंबर ओल्या हातांनी आला. न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवून आला. बंबात सहाच जण मावतात. उरलेले तिघे आपापल्या गाड्या घेऊन मागे आले.

शशिधर हाडाचा टेस्टर. त्याने तक्ता मांडला. चेस्टनट क्लोजचा कॉल: उपस्थिती नऊ. बाकीच्या गावाचा कॉल: तीन. म्हणजे गावाला वाचवायचं तर चेस्टनट क्लोजने करपवायला हवं. तो थेट मराठी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाकांकडे गेला. काका निवृत्त डॉक्टर, १९७१ पासून इंग्लंडमध्ये आणि जवळजवळ तेव्हापासूनच अध्यक्ष.

"काका, स्टेशन वाचवायचंय. मंडळाने मनावर घ्यायला हवं."

"घेतलं," काका म्हणाले. "मीटिंग बोलावतो."

मीटिंग तीन तास चालली. पाळ्या ठरल्या: सोमवारी एक ते तीन नंबर, मंगळवारी चार ते सहा. उपम्याच्या फोडणीला पुरेसा धूर होतो की नाही यावर दोन गट पडले आणि एका गटाने सभात्याग केला. पण मीटिंगनंतर वाटली डाळ होती म्हणून ते परत आले. 'गावासाठी एक फोडणी' हा ठराव एकमताने मंजूर झाला. उन्हाळ्यापर्यंत बंब बाहेर पडण्याचं प्रमाण अडतीस टक्क्यांवरून एक्क्याऐंशीवर गेलं. दलाच्या गणवेशांची कंबर सैल करून घ्यावी लागली.

मुख्यालयातून विभागीय अधिकारी मिस्टर थ्रोअर स्वतः पाहणीला आले. दोन बटाटेवडे खाल्ल्यावर त्यांनी याला 'आदरातिथ्याधारित प्रतिसाद-प्रोत्साहन' असं नाव दिलं, आणि ज्याला नाव मिळतं त्याला फॉर्मही मिळतो. 'खाद्यपदार्थ जाहीरनामा' निघाला. आता ९९९ फिरवलं की कंट्रोल रूमची बाई पत्ता विचारी, कोणी आत अडकलंय का विचारी, आणि मग विचारी, "घरात देण्यासारखं काय आहे?" उत्तर पेजरवर पत्त्याखाली उमटे. स्वयंसेवकाला निर्णय घेण्यासाठी पूर्ण माहिती मिळायला हवी, असं धोरण होतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मिसेस हॉलोवेंच्या बागेतल्या शेडने पेट घेतला तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे 'साधी बिस्किटं' असं सांगितलं. तिघे जमले. तिघांनी हेल्मेट घालून बंबात बसून शेडचा धूर पाहिला. दुसऱ्या दिवशी मिसेस हॉलोवे वही-पेन्सिल घेऊन शशिधरच्या बायकोकडे, सुनीतीकडे, आल्या.

"मला ते पिवळं, गोल, तळलेलं शिकव," त्या म्हणाल्या. "माझं छप्पर गवताचं आहे."

सप्टेंबरात मुख्यालयाने घरोघर पत्रक टाकलं. आग लागल्यास: सर्वांना बाहेर काढा, ९९९ फिरवा, शक्य असल्यास कांदा चिरून ठेवा. शशिधरला त्या पत्रकाची थोडी लाज वाटली, पण टक्केवारी बघितली की लाज ओसरायची. स्टेशन वाचत होतं ना, मग झालं.

मग नवरात्र आलं.

चेस्टनट क्लोजमध्ये नऊ दिवस उपास. पेजरवर नऊ दिवस एकच ओळ: साबुदाणा खिचडी. हा पदार्थ दलाने पहिल्या दिवशी चाखला होता. वॉलपेपर चिकटवायची खळ इतकी गरम कोणी खातं का, असं न्हाव्याने विचारलं होतं.

चौथ्या माळेला सकाळी अकरा वाजता शशिधरच्या किचनमधला कपडे वाळवायचा ड्रायर पेटला. फोडणी नव्हे, खरी आग. सुनीती पाचवीतल्या लेकीला, अक्षयाला, घेऊन बाहेर आली. शशिधर स्विच बंद करून बागेतला पाइप ओढायला धावला आणि थबकला. नियम बारा: अग्निशामकाने एकट्याने आगीला हात घालू नये, दलात सामील व्हावे. कमरेचा पेजर वाजत होता. त्यावर त्याचाच पत्ता होता, खाली साबुदाणा खिचडी.

"बाबा, आपला किचन जळते आहे!" अक्षया ओरडली. "तू काहीतरी कर ना!"

"करतो बाळा," शशिधर म्हणाला, आणि जळतं घर मागे टाकून स्टेशनकडे पळाला.

तिथे ट्रेव्हर होता आणि पोस्टमन कॉलिन होता. शशिधर तिसरा. तिघांनी हेल्मेट घातली. तिघे बंबात बसले.

"बाकीचे?"

"साबुदाणा आहे ना," ट्रेव्हर खाली बघत म्हणाला. "मी तरी आलो, शॅश. माझं कर्तव्य आहे म्हणून."

"ट्रेव्हर, माझं घर आहे रे ते! तीनच मिनिटांवर आहे!"

"मला कळत नाही का? पण चार म्हणजे चार."

बंबाच्या काचेतून धूर दिसत होता. आधी तो पांढरा होता, मग काळा झाला. त्या धुरात आपली कुठली खोली आहे हे शशिधर ओळखू पाहत होता. त्याने मोबाइल काढला.

"सुनीती, जाहीरनामा बदल! वडे सांग!"

"अरे शशी, नवरात्र आहे! आत घट बसलाय! आणि किचन जळतंय, वडे तळू कुठे?"

"तळू नकोस गं, नुसते सांग!"

सुनीतीने कंट्रोल रूमला फोन लावला. "बदल नोंदवते," तिकडची बाई शांतपणे म्हणाली. "तळण्याची सोय आहे का?"

"आहे," जळत्या किचनकडे बघत सुनीती म्हणाली. "भरपूर आहे."

पेजरवर 'बटाटेवडे, हिरवी चटणी' उमटलं आणि अडीच मिनिटांत उरलेले सहाजण हजर झाले. बंब चेस्टनट क्लोजला पोचला तेव्हा किचन गेलं होतं, जिना गेला होता, छपराचा अर्धा भाग आकाशाला उघडा पडला होता. चौदा घरांतली झाडून सगळी मंडळी शाली गुंडाळून फुटपाथवर उभी होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी पाइप कुठल्या खिडकीतून घालावा ते सांगत होतं. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," पुरुषोत्तमकाका हळहळले. आग विझवायला दीड तास लागला. नंतर न्हाव्याने काजळलेलं तोंड पुसत सुनीतीला अदबीने विचारलं, "मॅडम, ते वडे?"

ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडायला लागली. न्हाव्याला आपलं काय चुकलं ते समजलं नाही.

मुख्यालयाने चौकशी नेमली. चौकशीत आगीचं कारण, बंबाचा उशीर, चौथ्या माणसाचा नियम यांपैकी कशातही दोष आढळला नाही. दोष आढळला तो सौ. बेहेरे यांच्या जाहीरनाम्यात: घटनास्थळी वडे नव्हते. खोट्या माहितीवर मिळालेला प्रतिसाद हिशेबात धरता येत नसल्याने तो रद्द करण्यात आला. वर्षाचे दोनशे चार कॉल, बंब बाहेर पडला एकशे चौसष्ट वेळा, म्हणजे ऐंशी टक्के पूर्ण. एक रद्द झाल्यावर एकशे त्रेसष्ट, म्हणजे एकोणऐंशी पूर्णांक नऊ. स्टेशन बंद.

शशिधर भाड्याच्या फ्लॅटमधून मुख्यालयात गेला. चोवीस मिनिटांत काय काय जळतं हे आता त्याला स्वतःच्या घराच्या मापाने माहीत होतं. तो भांडला नाही, स्टेशन चालू ठेवा एवढंच म्हणाला. मिस्टर थ्रोअर तसे मनाने बरे होते. ते म्हणाले, "पाच नवे स्वयंसेवक आण. टक्केवारी मी बघतो, स्टेशन चालू ठेवतो."

पाच! गाव अडीच हजारांचं, चेस्टनट क्लोजमध्ये नुसते धडधाकट मराठीच चाळीस. आनंदाने शशिधरला घरी येईपर्यंत धीर निघेना. रविवारी गावच्या हॉलमध्ये सभा ठेवली. सभेला तोबा गर्दी. मंडळाने जोरदार भाषणं केली, मिसेस हॉलोवेंनी डोळे पुसले, स्टेशन आमच्या हक्काचं आहे अशा घोषणा झाल्या. हॉलमध्ये दोन टेबलं मांडली होती. एकावर निषेधाचा अर्ज. दुसऱ्यावर भरतीचे पाच अर्ज, पेन, आणि मागे शशिधर.

पहिल्या टेबलासमोरची रांग दाराबाहेर गेली. दुसऱ्यापाशी लोक आपुलकीने थांबत आणि शशिधरचा खांदा थोपटत. सुनेत्राच्या नवऱ्याचा व्हिसा होता, त्यात हे बसतं का बघायला हवं होतं. कुणाची कंबर होती. कुणाच्या मुलांच्या परीक्षा होत्या. "तू करतोयस ना, तुझा फार अभिमान वाटतो रे," पुरुषोत्तमकाका म्हणाले, "वय असतं तर मीच पहिला आलो असतो." त्यांचा पस्तिशीचा मुलगा मागेच उभा होता, तो मोबाइल वाजल्यासारखं करून बाहेर गेला.

सहा वाजता हॉल रिकामा झाला. निषेधाच्या अर्जावर दोनशे अकरा सह्या होत्या आणि भरतीचे पाचही अर्ज कोरे होते.

वाचकहो, शशिधरच्या घराबद्दल तुम्हाला वाईट वाटलं, हे त्याला कळवतो. तो अजून तिथेच बसलाय, तुम्ही आत आलात तर आशेने मान वर करेल. नाही, नाही, तुमचीही कंबर असणार, ऑफिस असणार, सगळं मान्य. तुम्ही आपले पहिल्या टेबलाकडे जा. तिथे दोनशे बाराव्या सहीला जागा आहे.